कॅम्परमधली वीज गेली? नवी बॅटरी आणण्याआधी हे तपासा

कॅम्पर व्हॅनमध्ये विजेची तक्रार आली की आजूबाजूचे सगळे एकच निदान करतात: "बॅटरी गेली." गॅरेजवाला तेच म्हणतो, शेजारी गाडी लावलेले काका तेच म्हणतात आणि व्हॉट्सॲपवरचा मित्र तर फोटोही न बघता तेच सांगतो. मग नवी बॅटरी येते. दोन दिवस सगळं झकास चालतं आणि तिसऱ्या रात्री फ्रिज पुन्हा बंद. कारण दोष बहुतेक वेळा बॅटरीत नसतोच. तो बॅटरीपासून उपकरणापर्यंतच्या वाटेत असतो, किंवा चार्जरपासून बॅटरीपर्यंतच्या वाटेत. सैल थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं टोक), गंजलेला बोल्ट, बारीक वायर, कधी चालू न होणारी एखादी रिले (विजेने चालणारा स्विच).

हा दोष शोधायला इंजिनियर असावं लागत नाही. एक मल्टीमीटर, अर्धा दिवस आणि ठरलेला क्रम एवढं पुरतं. नवख्यांची गफलत बहुतेक क्रमातच होते: जे दिसतं ते आधी सोडवायला घेतात, मोजत मात्र नाहीत.

खाली जे लिहिलंय ते ट्रॅव्हलर किंवा तशाच टेम्पोवर बांधलेल्या १२ व्होल्टच्या कॅम्परसाठी आहे. मोठ्या बसच्या चासीवर बांधलेली गाडी असेल तर तिथे बहुधा २४ व्होल्ट असतात. क्रम तोच, आकडे दुप्पट धरा. अशा गाडीत एक गोष्ट मात्र आवर्जून बघा. गाडी बांधणाऱ्या फॅब्रिकेटरने पंखे-दिव्यांसाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट उचलले असतील, तर ती बॅटरी सतत अर्धपोटी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन आटते. यावर उपाय २४ ते १२ व्होल्टचा कन्व्हर्टर. बॅटऱ्या कितीही बदलल्या तरी हा दोष जात नाही.

१. गाडीत वीज कुठून कुठे जाते ते कागदावर काढा

कॅम्परमध्ये तीन वेगळे संसार असतात. पहिला गाडीचा: बॉनेटखालची किंवा सीटखालची बॅटरी, स्टार्टर, हेडलाइट. दुसरा घराचा: हाउस बॅटरी आणि तिच्यावर चालणारे दिवे, पंखे, पाण्याचा पंप, कॉम्प्रेसरचा फ्रिज, मोबाइलचे सॉकेट. तिसरा २३० व्होल्टचा: बाहेरून ओढलेली लाइन किंवा इन्व्हर्टरमधून निघणारी. यातल्या दुसऱ्या संसाराला तीन बाजूंनी शिधा येतो: इंजिनच्या अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र), छतावरच्या सोलरवरून आणि बाहेरच्या लाइनवर चालणाऱ्या चार्जरवरून.

गाडी बांधणाऱ्याकडे वायरिंगचा नकाशा मागा. बहुतेकांकडे नसतो, "सगळं डोक्यात आहे साहेब" हे उत्तर मिळेल. मग तुम्हीच काढा. बॅटरीपासून सुरुवात करून कोणती वायर कुठल्या फ्यूजमध्ये जाते, तिथून कुठे जाते, निगेटिव्ह कुठे जोडलाय, सगळं. प्रत्येक फ्यूजजवळ चिकटपट्टीवर नाव लिहा आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. हे काम घरी, उजेडात, सगळं नीट चालू असताना करायचं. रात्री आंबा घाटाच्या वळणावर हेडटॉर्च लावून करायचं हे काम नव्हे.

२. जवळ काय असावं

- डिजिटल मल्टीमीटर. साधा चालेल, पण चांगल्या टोकांचा.
- डीसी, म्हणजे बॅटरीची वीज मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा). दुकानात मिळणारे स्वस्त क्लॅम्प मीटर बहुतेक फक्त एसी, म्हणजे घरच्या लाइनचा करंट मोजतात, ते इथे निरुपयोगी. घेताना "डीसी अँपिअर दाखवतो का" हे दुकानातच बॅटरीच्या एखाद्या वायरवर लावून बघा.
- १०, १३ आणि १७ नंबरचे पाने, पकड, स्क्रू ड्रायव्हर, वायर सोलायचा स्ट्रिपर.
- थिंबल दाबायची क्रिम्पिंग पकड, वेगवेगळ्या मापांचे तांब्याचे थिंबल, हीट श्रिंक नळी.
- गाडीत जे जे फ्यूज आहेत त्या प्रत्येकाचे दोन जादा. बॅटरीजवळच्या मोठ्या फ्यूजचासुद्धा.
- पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, खाण्याचा सोडा, व्हॅसलीन.
- पाण्याची (वरून पाणी भरायची लेड-ॲसिड) बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटर आणि हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी). आरओचं किंवा एसीमधून गळणारं पाणी बॅटरीत घालू नका, कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी.
- २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये खुपसायचा तीन दिव्यांचा टेस्टर (फेज, न्यूट्रल, अर्थिंग बरोबर आहे का ते दाखवणारा).

कागदांत बॅटरीचं बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, इन्व्हर्टर व सोलर कंट्रोलरची (पॅनेलची वीज बॅटरीला बेताने देणारा डबा) माहितीपुस्तिका (फोनमध्ये पीडीएफ असली तरी चालेल, पण ऑफलाइन), आरसी आणि विम्याची पॉलिसी. गाडीत वायरिंग वाढवलं असेल तर ते विमा कंपनीला कळवलेलं असू द्या. शॉर्ट होऊन आग लागली तर पहिला प्रश्न तोच येतो.

३. हात घालण्याआधी

अंगठी, कडं, बांगड्या, घड्याळ, गळ्यातली लोंबणारी साखळी किंवा मंगळसूत्र, सगळं काढून ठेवा. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून लोक बेफिकीर राहतात. पण पाना दोन टर्मिनलना एकदम लागला किंवा अंगठी पाना आणि बॉडीच्या मध्ये आली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि धातू क्षणात लाल होतो. बोट भाजायला व्होल्ट लागत नाहीत.

बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. सोलर असेल तर पॅनेलची लाइन सर्वांत आधी तोडायची आणि सर्वांत शेवटी जोडायची. बॅटरी काढली पण पॅनेल कंट्रोलरला तसंच राहिलं, तर काही कंट्रोलर जळतात.

पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. ती झोपायच्या बाकाखाली बंद पेटीत ठेवली असेल आणि पेटीला बाहेर हवा जायला नळी नसेल, तर आधी ती नळी बसवा, बाकी सगळं नंतर. सडक्या अंड्यासारखा वास येतोय, बॅटरी हाताला गरम लागतेय किंवा फुगलीय, तर चार्जिंग लगेच बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर या.

४. तक्रार नेमकी करा

"लाइट गेली" ही तक्रार नव्हे. सगळं बंद आहे की एकच उपकरण? १२ व्होल्टचं बंद आहे की फक्त २३०चं? सकाळीच होतं की इंजिन बंद केल्यावर लगेच? एकच पंखा बंद असेल तर त्याचा फ्यूज, स्विच आणि जोड एवढंच बघायचं. बॅटरीकडे जायचंच नाही. सगळं एकदम गेलं असेल तर बॅटरीजवळचा मोठा फ्यूज, कट-ऑफ स्विच किंवा लिथियमचं बीएमएस (बॅटरीच्या आतलं, तिला जपणारं सर्किट). सगळं हळूहळू मंदावत गेलं असेल तर खरोखर चार्ज संपलाय, आणि प्रश्न "तो भरला का नाही" हा आहे.

५. बॅटरी शांत असताना मोजा

सगळे लोड बंद करा, चार्जिंग बंद करा, आणि लेड-ॲसिड बॅटरी असेल तर निदान तीन-चार तास तशीच ठेवा. नुकत्याच चार्जवरून काढलेल्या बॅटरीचा आकडा फसवा असतो. मीटरची टोकं थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा, वरच्या क्लॅम्पवर नाही.

लेड-ॲसिडसाठी ढोबळ हिशोब असा:

१२.६ ते १२.८ व्होल्ट: भरलेली
१२.४: पाऊण
१२.२: अर्धी
१२.०: पाव
११.८ किंवा खाली: रिकामी

अर्ध्याच्या खाली रोज नेली तर ही बॅटरी लवकर म्हातारी होते. रिकामी ठेवून महिनाभर गाडी पार्किंगमध्ये उभी केली तर प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ते सहसा परत निघत नाही. पावसाळाभर गाडी झाकून ठेवणाऱ्यांच्या बॅटऱ्या जातात त्या अशाच.

लिथियमच्या, म्हणजे आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीला ही पट्टी लावू नका. तिचा आकडा भरलेली असताना १३.३-१३.४च्या आसपास असतो आणि मधला बराच काळ १३.१-१३.२ला जवळजवळ स्थिर राहतो. व्होल्टवरून ती सत्तर टक्के आहे की चाळीस हे सांगता येत नाही. तिच्यासाठी शंटवर (केबलच्या वाटेत बसवलेल्या मोजपट्टीवर) चालणारा बॅटरी मॉनिटर हवा, जो आत-बाहेर जाणारे अँपिअर मोजतो. मात्र १२.८च्या खाली आली तर थोडंच उरलंय असं समजा.

आणि लिथियमच्या टर्मिनलवर शून्य किंवा दोन-तीन व्होल्ट दिसले तर घाबरू नका. ती मेलेली नसते. आतल्या बीएमएसने दार लावून घेतलेलं असतं. लोड पूर्ण काढा आणि लिथियमवर चालणारा चार्जर जोडा. बऱ्याच बॅटऱ्या तेवढ्यानेच जाग्या होतात. काहींना रीसेटचं बटण असतं. दार का लागलं हे मात्र शोधायलाच हवं: फार उतरली होती, फार करंट ओढला, जास्त व्होल्ट मिळाले, किंवा थंडी. शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करायची नसते, म्हणून चांगलं बीएमएस तेव्हा चार्जिंग अडवतं. महाराष्ट्रात हा प्रश्न येत नाही. स्पिती किंवा लडाखला गेलात की सकाळी सोलर शून्य दाखवेल आणि तुम्ही छतावर चढून पॅनेल पुसत बसाल. गाडी आतून जरा उबदार होऊ द्या, आपोआप सुरू होईल.

पाण्याच्या बॅटरीत हायड्रोमीटर फिरवा. सहाही सेलचे आकडे साधारण सारखे यायला हवेत. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५०ने खाली असेल, म्हणजे बाकीचे १.२४० आणि हा १.१९०, तर तो सेल गेला. त्या बॅटरीला कितीही चार्ज करा, उपयोग नाही.

६. आता लोड लावून मोजा

सगळ्या लेखातला हा एक भाग नीट वाचलात तरी पुरे. शांत बॅटरी १२.६ दाखवते यावरून काहीच सिद्ध होत नाही. वीज वाहायला लागली की वाटेतल्या प्रत्येक सैल, गंजक्या किंवा बारीक जागी थोडे थोडे व्होल्ट गळतात. ती गळती फक्त लोड चालू असतानाच दिसते.

पद्धत सोपी आहे. जे उपकरण त्रास देतंय ते चालू ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर. आधी बॅटरीच्या खुंटीवर मोजा, मग उपकरणाच्या टोकाशी. दोन्हींतला फरक म्हणजे वाटेतली गळती. ती पॉझिटिव्हच्या बाजूला आहे की निगेटिव्हच्या, हे शोधायला मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर आणि दुसरं उपकरणाच्या पॉझिटिव्हवर टेकवा. हो, दोन्ही टोकं एकाच वायरच्या दोन अंगांना. वायर आणि जोड निरोगी असतील तर आकडा ०.२-०.३च्या आत राहील. मग तेच निगेटिव्हच्या बाजूने.

वेळणेश्वरला आमच्या शेजारी एका कुटुंबाचा कॅम्पर उभा होता. त्यांचा फ्रिज घुर्र करून सुरू व्हायचा आणि टक करून बंद पडायचा, दर दोन मिनिटांनी. वाटेतल्या एका गॅरेजने बॅटरी बदलायला सांगितली होती. "पण दादा, बॅटरी दिवाळीतच नवी घातलीय," वहिनी वैतागून सांगत होत्या. फ्रिज सुरू होतानाचे आकडे घेतले: बॅटरीवर १२.५, फ्रिजच्या प्लगवर १०.२. पॉझिटिव्हच्या बाजूची गळती ०.४. निगेटिव्हच्या बाजूची तब्बल १.९. फ्रिजचा निगेटिव्ह सीटखाली चासीच्या एका बोल्टला जोडला होता. बोल्ट वरून चकचकीत, घट्टही होता. काढून बघितला तर थिंबलच्या खाली कारखान्यातला राखाडी रंग जसाच्या तसा. वीज फक्त बोल्टच्या आट्यांमधून कशीबशी जात होती आणि आट्यांना खाऱ्या हवेची तांबूस भुकटी. पॉलिश पेपरने रंग खरवडून पत्रा पांढरा केला, थिंबल घासलं, पुन्हा आवळलं, वरून व्हॅसलीन. निगेटिव्हची गळती ०.१वर आली, फ्रिजला १२ व्होल्ट मिळाले आणि तो चालू राहिला. बॅटरी तीच.

असल्या फ्रिजचे कॉम्प्रेसर व्होल्टेज साधारण साडेदहाच्या खाली गेलं की स्वतःला वाचवायला बंद होतात. काहींवर छोटा लाल दिवा असतो. तो ठरावीक वेळाने एकदाच लुकलुकत असेल तर बहुधा व्होल्ट कमी पडल्याची खूण. पुस्तिकेत पडताळा.

पॉझिटिव्हची गळती जास्त असेल आणि जोड सगळे स्वच्छ असतील तर वायर बारीक आहे. हिशोब बघा. फ्रिज ५ अँपिअर घेतो आणि बॅटरीपासून ६ मीटरवर आहे. वीज जाते आणि परत येते, म्हणून १२ मीटर. दीड एमएमच्या (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या) वायरमध्ये या अंतरात सुमारे ०.८ व्होल्ट जातात. चार एमएमची ओढली तर ०.३. घरच्या वायरिंगचा अनुभव असलेला इलेक्ट्रिशियन "पाच अँपिअरला दीड एमएम भरपूर" म्हणेल आणि २३० व्होल्टला ते खरंच भरपूर आहे. बाराला नाही.

इन्व्हर्टरला तर हे दसपट लागू. १००० वॅटचा लोड चालवताना बॅटरीतून नव्वदहून अधिक अँपिअर निघतात. दीड हजार वॅटची किटली लावली की इन्व्हर्टर टूं टूं करून बंद पडतो आणि बॅटरीला शिव्या बसतात. किटली चालू असताना इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर मोजा. बॅटरीवर १२.३ आणि इन्व्हर्टरवर १०.८ असेल तर केबल किंवा जोड. दोन्हीकडे १०.८ असेल तर बॅटरी थकलीय, किंवा एवढ्या लोडसाठी लहान आहे. लिथियम असेल तर बीएमएस किती अँपिअर सतत देतं ते बघा. १०० अँपिअरच्या बीएमएसवर २००० वॅटचा इन्व्हर्टर कागदावरच चालत नाही.

मीटर नसला तर हात वापरा. जड लोड दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा आणि मग केबल, फ्यूजचा होल्डर, थिंबल यांना एकेक करून उलट्या हाताने हळूच स्पर्श करा. जो जोड बाकीच्यांपेक्षा गरम, तोच चोर. ही युक्ती फक्त १२ व्होल्टसाठी. २३०ला हात लावायचा नाही.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह सोडवा, कोमट पाण्यात सोडा कालवून टूथब्रशने घासा (सेलची झाकणं घट्ट असू देत, सोडा आत जाता कामा नये), कोरडं करा, आवळा, मग व्हॅसलीन. व्हॅसलीन आवळल्यानंतर वरून. किनाऱ्यावर फिरत असाल तर वर्षातून दोनदा.

७. फ्यूज

फ्यूज वायरीला वाचवतो, उपकरणाला नाही. म्हणून तो बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा. फ्यूज एकदा उडाला तर बदला. पुन्हा उडाला तर मोठा घालू नका, आणि चांदीचा कागद किंवा तार तर मुळीच नाही. त्या सर्किटवरची सगळी उपकरणं काढा आणि नवा लावा. तरीही उडतो म्हणजे वायर कुठेतरी पत्र्याला घासून सोलली आहे. दाराच्या बिजागरीजवळ, फर्निचरच्या स्क्रूखाली आणि पत्र्यातल्या ज्या भोकाला रबरी ग्रोमेट नाही तिथे आधी बघा.

नुसतं बघून फ्यूज चांगला ठरवू नका. सर्किट चालू ठेवून त्याच्या दोन्ही टोकांवर बॉडीच्या तुलनेत व्होल्ट मोजा. एका बाजूला १२.५ आणि दुसऱ्या बाजूला शून्य असेल तर उडालाय. दोन्हीकडे सारखेच असतील तर पुढे चला.

८. बॅटरी भरतच नसेल तर

इंजिनवरून: इंजिन बंद ठेवून हाउस बॅटरीवर मोजा, समजा १२.४. इंजिन सुरू करा, दोन-तीन मिनिटं थांबा. आकडा १३.८ ते १४.४पर्यंत चढला तर ठीक. गाडीच्या बॅटरीवर १४.२ आहे आणि हाउस बॅटरी १२.४वरच अडलीय, तर मधली रिले, आयसोलेटर (दोन बॅटऱ्या जोडणारा-तोडणारा) किंवा डीसी टू डीसी चार्जर (गाडीच्या विजेवर हाउस बॅटरी योग्य व्होल्टेजने भरणारा) चालू होत नाही. दोन्ही टोकांचे फ्यूज बघा, मग इग्निशनवरून येणारी बारीक सिग्नलची वायर. ती निसटलेली असणं अगदी सर्रास. गाडीच्या बॅटरीवरच १३च्या खाली असेल तर बेल्ट आणि अल्टरनेटर, म्हणजे ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम. यात एक मेख आहे: काही नव्या बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटर गरजेनुसार व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो. तो दोष नव्हे. पण अशा गाडीत साध्या रिलेवर हाउस बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, डीसी टू डीसी चार्जरच लागतो. लिथियमलाही तो हवाच. साध्या रिलेवर लिथियम इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो.

सोलरवरून: भर दुपारी, बॅटरी अर्धवट उतरलेली असताना तपासा. भरलेली बॅटरी कमी घेते, तो दोष नसतो. कंट्रोलरवर पॅनेलचे व्होल्ट दिसतात का? नसतील तर छतावरचे कनेक्टर. पाणी शिरून आत हिरवे झालेले आढळतात. व्होल्ट आहेत पण अँपिअर नाहीत, तर सावली. आंब्याच्या एका फांदीने, रूफ कॅरियरच्या एका पाइपानेही पॅनेलचा जोर निम्म्याखाली येऊ शकतो. चारशे वॅटचं पॅनेल छतावर आडवं, तापलेलं असतं; चांगल्या उन्हाच्या दिवशी बॅटरीत शंभर अँपिअर-तासांच्या (अँपिअर गुणिले तास) आसपास जमा झाले तर समाधान माना. जुलैमध्ये कोकणात त्याची आशा धरू नका.

बॅटरीचा प्रकार कंट्रोलरमध्ये बरोबर निवडला आहे का बघा. लेड-ॲसिड काढून लिथियम बसवली पण सेटिंग तेच राहिलं, तर इक्वलायझेशनच्या (लेड-ॲसिडचे सेल सारखे करायला दिलेला जादा चार्ज) वेळी व्होल्टेज १५च्या वर जातं आणि बीएमएस दार लावतं. लिथियमला १४.२ ते १४.६ आणि इक्वलायझेशन बंद. आणि घराच्या छतावरची मोठी पॅनेल स्वस्तात मिळाली म्हणून लावणार असाल तर कंट्रोलर जास्तीत जास्त किती व्होल्ट सोसतो ते आधी वाचा. असं एक पॅनेल मोकळं, काहीही न जोडलेलं असताना ४५-५० व्होल्ट देऊ शकतं, थंडीत त्याहून जास्त. दोन सिरीजमध्ये जोडलीत तर ७५ व्होल्टचा कंट्रोलर गेलाच.

९. काही न चालवता रात्रीत उतरते

सगळं बंद करा. क्लॅम्प मीटर शून्यावर आणून हाउस बॅटरीच्या निगेटिव्ह केबलभोवती अडकवा. एक अँपिअर दिसला तर दिवसाला २४ अँपिअर-तास गळतात. आता एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल ती वाट. पहिला संशयित इन्व्हर्टर. काहीही लावलं नसलं तरी तो चालू ठेवल्यास एक-दीड अँपिअर खातो. मग गॅस डिटेक्टर, स्टिरिओ, यूएसबी सॉकेटचे निळे दिवे, वायफाय राउटर. मल्टीमीटर सिरीजमध्ये लावून मोजणार असाल तर मध्येच इन्व्हर्टर किंवा पंप चालू करू नका. मीटरची मर्यादा बहुधा १० अँपिअर असते.

१०. २३० व्होल्ट: कुठे थांबायचं

महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण खांबावरचं व्यवस्थित हुकअप (गाडीला बाहेरची लाइन जोडायची सोय) मिळेलच असं नाही. प्रत्यक्षात आपण होमस्टेच्या मागच्या पडवीतून, पाण्याच्या पंपाच्या सॉकेटवरून लाइन ओढतो. मालकांना आधी विचारा, काय चालवणार ते सांगा, आणि बिलाचे पैसे स्वतःहून द्या.

जोडण्याआधी तीन दिव्यांचा टेस्टर लावा. मीटरने बघायचं तर फेज-न्यूट्रल सुमारे २३०, फेज-अर्थ तेवढेच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ काहीच दाखवत नसेल तर त्या सॉकेटला अर्थिंग नाही. तिथे जोडू नका. फेज-न्यूट्रल १८०ला आलं असेल तर संध्याकाळचा गावभराचा लोड आहे. चार्जर बंद पडेल, रात्री उशिरा पुन्हा बघा. २६०-२७०च्या वर दिसलं तर लगेच काढा, न्यूट्रल सुटलेला असू शकतो.

एक्स्टेन्शन निदान अडीच एमएमची, तीन कोअरची, १६ अँपिअरच्या प्लगची. रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेली केबल आतून तापून वितळते. सॉकेटचं बटण बंद ठेवून आधी गाडीचं टोक जोडा, मग भिंतीचं, मग बटण. गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळताच लाइन तोडणारा स्विच) हवाच, आणि त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. तो पडत असेल तर सगळे एमसीबी बंद करून एकेक चालू करा. गिझरचं कॉइल आणि बाहेरचं ओलं सॉकेट हे नेहमीचे अपराधी. आरसीसीबी बायपास करून देतो म्हणणाऱ्या माणसाला चहा पाजून परत पाठवा.

गाडीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर गाडीतलं काही चाचपत बसू नका. भिंतीकडचा सप्लाय बंद करा, प्लग काढा, मुलांना लांब ठेवा. इथून पुढे लायसन्सधारक इलेक्ट्रिशियन. इन्व्हर्टरच्या आउटपुटचा न्यूट्रल-अर्थचा जोड आणि इन्व्हर्टरवरून बाहेरच्या लाइनवर जाण्याची अदलाबदल हेही इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

११. खरोखरच बॅटरी गेली असेल तर

खात्रीची चाचणी: पूर्ण भरा, रात्रभर शांत ठेवा, मग माहीत असलेला लोड लावा. १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिडवर ५ अँपिअर दहा तास चालवले आणि विश्रांतीनंतर १२.२च्या आसपास राहिली तर ती धडधाकट आहे. तीन-चार तासांतच तिथे पोहोचली तर तिची ताकद निम्म्याहून कमी उरलीय. आता बदला.

नवी घेताना बॅटरीवरचा उत्पादनाचा महिना बघा. दुकानात पडून राहिलेली लेड-ॲसिड घेऊ नका. स्टार्टिंगची बॅटरी हाउस बॅटरी म्हणून चालत नाही, डीप सायकलची (खोलवर उतरवून पुन्हा भरता येणारी) मागा. जुनीला नवी पॅरलल जोडू नका, जुनी नवीलाही खाली ओढते. जोडी हवी तर दोन्ही एकाच मेकच्या, एकाच वयाच्या. बसवल्यावर पट्ट्याने किंवा क्लॅम्पने पक्की आवळा, टर्मिनलवर रबरी टोप्या घाला आणि पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासा. जुनी लेड-ॲसिड दुकानदाराला परत द्या, शिशाच्या वजनावर बिलातून चांगली रक्कम वजा होते. लिथियम भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नका. जिथून घेतली तिथेच परत घ्यायला सांगा.